सुगीचे दिवस आणि मुलांची शाळा

भाद्रपद सरत आला की आखाडा बाळापूर आणि कळमनुरी तालुक्यातील भोवतालच्या गावांत कामाची एकच धांदल उडते. उडीद-मूग घरी आलेले असतात, सोयाबीन कापणीला येते, पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते आणि हळदीच्या रानातही कामे असतातच. बाळापूरच्या बाजारात मालाची आवक वाढते. वर्षभराच्या कष्टांचे मोल पदरात पडण्याचे हे दिवस. घरातील प्रत्येक हात या वेळी हवासा वाटावा, हे स्वाभाविकच होय. परंतु याच दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. शरद ऋतूत शाळेत कोणते कार्यक्रम आहेत आणि त्यांत पालकांचा वाटा कोणता, याचा विचार म्हणूनच सुगीला सोडून करता येत नाही.

एक दिवस बुडाला तर काय होते?

२००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरविले आहेत. हे दिवस पुष्कळ वाटतात. पण आठवड्याच्या सहा दिवसांपैकी एक दिवस, समजा बाजाराचा दिवस, मूल घरी राहिले, तर २०० दिवसांतील सुमारे ३३ दिवस गेले. त्यात कापणीचे १० आणि वेचणीचे १५ दिवस मिळवले की ही संख्या ५८ वर जाते. म्हणजे वर्षाच्या शिक्षणाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग त्या मुलाने गमावला. एकेका दिवसाने गेलेले हे नुकसान कोणाच्या ध्यानात येत नाही. परीक्षेत मात्र ते एकदम दिसते.

शिवाय बुडालेला प्रत्येक दिवस सारख्या मोलाचा नसतो. प्राथमिक वर्गांतील अभ्यास हा जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो. हातच्याची वजाबाकी शिकविली त्या आठवड्यात जे मूल शेतात होते, त्याला ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत, एवढेच दिसते; दशकातून एक सुटा करून घ्यावयाचा, ही युक्ती त्याने पाहिलेलीच नसते. पुढे भागाकार आला म्हणजे त्यातही वजाबाकी लागते आणि मूल तेथे अडते. जोडाक्षरांचेही तसेच. मुलाला वाचता येत नाही असे घरी म्हटले जाते. वस्तुतः त्याच्या जिन्याची मधली एक पायरी निसटलेली असते. अशा मुलाला मंद समजणे हा त्याच्यावर अन्याय होय.

मुलींची गैरहजेरी निराळ्या कारणाने होते. आई कापूस वेचावयास गेली की धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी थोरली बहीण घरी राहते. धाकटे मूल तीन वर्षांचे झाले असल्यास त्याची जागा अंगणवाडीत आहे. तेथे त्याची नोंद झाली म्हणजे एकाच वेळी दोन मुलांचे शिक्षण साधते.

या ऋतूतील कार्यक्रम

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामी राजवट संपुष्टात आली आणि हा प्रदेश स्वतंत्र भारतात आला. त्या राजवटीत कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती; आपल्या भाषेत वरपर्यंत शिकण्याची वाट आजच्या मुलांना खुली आहे, ती या लढ्यामुळे. ध्वजवंदनास पालकांनी यावेच. पण गावातील वृद्धांनी आपल्या लहानपणी ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टी मुलांना सांगितल्या, तर तो दिवस खरा साजरा झाला असे म्हणता येईल.

२ ऑक्टोबरला महात्मा गांधी व लालबहादूर शास्त्री यांची जयंती असते. त्या दिवशी होणारी शाळेची व गावाची स्वच्छता एका दिवसापुरती नसावी. पावसाळा संपताना साचलेल्या पाण्यात डास वाढतात, म्हणून शाळेबरोबरच घराभोवतीची डबकी व उघडी भांडी पाहणे या वेळी अगत्याचे आहे.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. ज्या पालकांना स्वतः वाचता येत नाही, त्यांनाही या दिवसात वाटा घेता येतो. मुलाने पुस्तक मोठ्याने वाचावे आणि आईवडिलांनी मन लावून ऐकावे. ऐकणारे कोणी आहे, हे कळले की वाचणाऱ्याला हुरूप येतो.

दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास पहिले सत्र संपते आणि त्या सत्राचे संकलित मूल्यमापन होते. याच सुमारास कापणी-वेचणीची घाई असते, म्हणून त्या दिवसांची तारीख शाळेतून आधी विचारून घेऊन घरच्या कामांची आखणी करावी. निकालपत्रक मिळाल्यावर केवळ श्रेणी पाहून थांबू नये. मूल कोठे अडते, हे गुरुजींना किंवा बाईंना विचारावे. शिष्यवृत्ती परीक्षेची व वसमत येथील नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची मुदतही मुख्याध्यापकांकडून वेळीच समजून घ्यावी.

सुट्टीत कार्तिक शुद्ध एकादशी येते. हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि या तिथीला त्यांची जयंती असते. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. आपल्या जिल्ह्यातील एका संताची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली, ही गोष्ट मुलांना कळावयास हवी. सुट्टीचा अभ्यास म्हणून पाने भरून घेण्यापेक्षा बाजारातील हिशेब मुलाकडून करवून घेणे, हळदीच्या किंवा कापसाच्या वजनाची बेरीज मांडावयास सांगणे आणि रोज एक पान वाचून घेणे हे अधिक हिताचे आहे.

सुट्टीनंतर १४ नोव्हेंबरला बालदिन आणि २६ नोव्हेंबरला संविधान दिन येतो. संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन त्या दिवशी होते. शिक्षणाचा हक्कही याच संविधानाने दिला आहे, हे मुलांना व पालकांना त्या निमित्ताने सांगता येते.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी

दसरा-दिवाळीनंतर काही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला, तर काही वीटभट्टीवर जातात. कोयता खांद्यावर पडला म्हणजे मुलांची पाटीही बैलगाडीत वा ट्रकमध्ये चढते आणि फडावर गेल्यावर बहुधा पुन्हा निघत नाही. पहिल्या सत्रात शिकलेले दुसऱ्या सत्रात विरून जाते. दोन-तीन वर्षे असे झाले की मूल शाळेत परत येण्यास लाजते आणि शिक्षण कायमचे सुटते. खरी हानी येथे आहे.

तीवर तीन उपाय आहेत. पहिला व सर्वांत चांगला उपाय म्हणजे मुलाला गावीच ठेवणे. आजी-आजोबा किंवा नातेवाईक सांभाळण्यास तयार असतील तर उत्तमच; आणि जेथे हंगामी वसतिगृहाची सोय मंजूर होते तेथे तिचा लाभ घ्यावा. त्यासाठी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आतच, मुख्याध्यापकांस कळविणे आवश्यक आहे. गाडी दारात उभी राहिल्यावर सांगितले तर कोणालाच काही करता येत नाही.

दुसरा उपाय, मूल बरोबर न्यावेच लागले तर, शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जाणे. मूल कोणत्या इयत्तेत आहे व त्याची प्रगती किती, हे त्यावरून नव्या गावच्या शाळेस समजते. दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्या कारणासाठी कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे.

तिसरा उपाय परत आल्यानंतरचा. मूल मागे पडले तरी त्याला वयानुरूप वर्गात बसण्याचा व विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. म्हणून लाजून घरी बसू नये. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा गाठावी.

शाळा व्यवस्थापन समितीचे काम

या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. हजेरीचा प्रश्न एकट्या शिक्षकांनी सुटणारा नाही. समितीच्या सभेत गैरहजर मुलांची नावे वाचावीत, कोणत्या सदस्याने कोणत्या घरी जावयाचे ते ठरवावे, आणि ज्या आया शेतात एकत्र काम करतात त्यांनी एकमेकींच्या मुलांना सकाळी शाळेत पाठविण्याची आठवण द्यावी. कापणीच्या दिवसांत घराला मुलांच्या मदतीची गरज असते, हे नाकारून चालणार नाही. शाळा सुटल्यानंतरचा वेळ आणि सुट्टीचे दिवस थोड्याफार हलक्या मदतीसाठी आहेत; शाळेची वेळ मात्र शाळेचीच राहावी.

दसऱ्याच्या दिवशी घरोघरी पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिची पूजा होते. ही पाटी दुसऱ्या दिवशी कोनाड्यात पडून राहू नये. सोन्याची पाने वाटून झाली की मुलाच्या हाती ती पाटी द्यावी आणि त्याला शाळेच्या वाटेला लावावे. सुगीतील धान्य वर्षभर पुरते. या दिवसांत न चुकता शाळेत गेलेल्या मुलाची विद्या त्याला जन्मभर पुरेल.