बीबी अँडरसन : रंगभूमीने घडवलेला आवाज

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या चित्रपटांविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यात बीबी अँडरसन (१९३५–२०१९) यांचा उल्लेख बहुधा दिग्दर्शकाच्या नायिकांच्या यादीत येतो आणि त्यांच्या प्रसन्न चेहऱ्याची वाखाणणी करून संपतो. काही समीक्षकांनी तर बर्गमन यांचा चित्रपट म्हणजे समीपदृश्यांचा, अर्थात चेहऱ्याने अख्खा पडदा व्यापणाऱ्या क्लोज-अपचा चित्रपट, असे समीकरण मांडून अभिनेत्रीला त्या समीपदृश्याची सामग्री ठरवले आहे. हे समीकरण अपुरे आहे, आणि अँडरसन यांच्या बाबतीत तर ते सरळ चुकीचे आहे. कारण त्यांच्या अभिनयाचा पाया चेहरा नसून वाणी होती आणि ती वाणी कॅमेऱ्याने नव्हे, रंगभूमीने घडवली होती.

स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या अँडरसन बर्गमन यांच्या कॅमेऱ्यासमोर प्रथम आल्या त्या १९५१ मध्ये, साबणाच्या एका जाहिरातपटात. करमणूक कराच्या निषेधार्थ स्वीडिश चित्रपटनिर्मिती त्या वर्षी ठप्प झाली होती आणि बर्गमन यांनाही जाहिरातींवर गुजराण करावी लागत होती. पुढे अँडरसन यांनी ‘ड्रामाटेन’ या राष्ट्रीय रंगभूमीच्या नाट्यशाळेत शिक्षण घेतले. राजा तिसरा गुस्ताव याने १७८८ मध्ये स्थापन केलेल्या याच संस्थेच्या शाळेतून ग्रेटा गार्बो आणि इंग्रिड बर्गमन बाहेर पडल्या होत्या. त्यानंतर अँडरसन माल्मो येथील नगर रंगभूमीच्या कायम नटसंचात दाखल झाल्या. हिवाळ्यात ज्या नटांसह नाटके बसवायची, त्यांनाच घेऊन उन्हाळ्यात चित्रपट करायचा, अशी तेथे नाटके बसवणाऱ्या बर्गमन यांची तेव्हाची रीत होती. मॅक्स फॉन सिडो, इंग्रिड थुलिन, गुनेल लिंडब्लोम हे सारे याच नटसंचातले. महिनोन्‌महिने एकत्र तालमी केलेल्या या मंडळींना परस्परांची लय पाठ झालेली असे, आणि पडद्यावर जी सहजता दिसते तिचे मूळ या तालमींत आहे.

पहिल्या टप्प्यातील चित्रपट सर्वपरिचित आहेत. ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) मधील फिरत्या नटाची पत्नी मिया आणि ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) मधील दोन काळांतल्या दोन सारा यांनी अँडरसन यांच्यावर निरागसतेचा शिक्का मारला. ‘ब्रिंक ऑफ लाइफ’ (१९५८) मधील नको असलेल्या गर्भारपणाने कातावलेली अविवाहित तरुणी या शिक्क्यात बसणारी नव्हती. या चित्रपटासाठी कान महोत्सवाचे अभिनेत्रीचे पारितोषिक चौघींना विभागून मिळाले आणि त्यांत अँडरसन होत्या. विल्गोत शमान यांच्या ‘द मिस्ट्रेस’साठी १९६३ मध्ये बर्लिन महोत्सवाचे ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मिळाले, ते तर बर्गमन यांच्या दिग्दर्शनाबाहेरच्या भूमिकेसाठी. ‘बर्गमनची निर्मिती’ असे अँडरसन यांचे वर्णन करणारे या पारितोषिकाचा उल्लेख टाळतात, हे नोंदवले पाहिजे.

या कारकिर्दीचे शिखर म्हणजे ‘पर्सोना’ (१९६६). ‘इलेक्ट्रा’चा प्रयोग चालू असताना अचानक गप्प झालेली अभिनेत्री एलिझाबेत (लिव्ह उलमन) आणि तिची परिचारिका आल्मा (अँडरसन) समुद्रकाठच्या घरात राहतात. एक पात्र जवळजवळ बोलतच नसल्याने शब्दांचा सारा भार दुसऱ्यावर येतो. आल्मा एका रात्री समुद्रकिनाऱ्यावरच्या जुन्या शरीरसंबंधाची हकिगत सांगते, तेव्हा बर्गमन पूर्वदृश्याचा, म्हणजे फ्लॅशबॅकचा, आधार घेत नाहीत. किनारा दिसत नाही, ती माणसे दिसत नाहीत. खोली, ऐकणारी स्त्री आणि बोलणारी स्त्री एवढेच पडद्यावर असते, तरीही प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो, तो केवळ कथनाच्या चढउतारांनी. आल्मा आधी संकोचाने अडखळते, मग आठवणीत रमते आणि अखेर अपराधाच्या जाणिवेने कोसळते. या तीन पायऱ्यांमधले सांधे कुठेही उघडे पडत नाहीत. हे स्वगत गाळावे असा विचार चालू असताना अँडरसन यांनी ते करण्याचा आग्रह धरला आणि केवळ पुरुषच लिहू शकेल अशी वाक्ये बदलून घेतली. एलिझाबेतच्या मातृत्वाविषयीचे आल्माचे भाषण चित्रपटात लागोपाठ दोनदा येते: एकदा कॅमेरा ऐकणारीवर, एकदा बोलणारीवर. पहिल्या वेळी अँडरसन पाठमोऱ्या असतात आणि निव्वळ आवाजाने दृश्य पेलतात. भाषणाच्या अखेरीस पडद्यावर येणाऱ्या, दोघींच्या अर्ध्या चेहऱ्यांच्या जोडाविषयी रकाने भरणाऱ्यांनी त्याआधीची ही मिनिटे लक्षपूर्वक ऐकलेली दिसत नाहीत.

हॉलिवूडमधील कामगिरीविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. ‘ड्युएल अ‍ॅट डायब्लो’पासून ‘क्विंटेट’पर्यंतच्या चित्रपटांत परक्या भाषेने या वाणीचे पंख कापले.

त्याउलट, १९८८ मध्ये ड्रामाटेनच्या द्विशताब्दी वर्षात बर्गमन यांनी बसवलेल्या यूजीन ओनील यांच्या ‘लाँग डेज जर्नी इन्टु नाइट’मधील मेरी टायरोन ही त्यांच्या प्रौढ रंगकारकिर्दीतील मोठी भूमिका होय. या नाटकाचा जगातील पहिला प्रयोग १९५६ मध्ये याच रंगमंचावर झाला होता आणि त्याचे दिग्दर्शक होते बेंग्त एकेरोत, म्हणजे ‘द सेव्हन्थ सील’मध्ये मृत्यूची भूमिका करणारे नट. रंगभूमी आणि चित्रपट यांची एवढी घट्ट वीण असलेली परंपराच असा कलावंत घडवू शकते. बोस्नियाच्या युद्धातील सारायेव्होच्या वेढ्याच्या काळात तेथील रंगकर्मींसाठी अँडरसन झटल्या, त्यामागेही रंगभूमीवरची हीच निष्ठा होती.

महाराष्ट्रात बर्गमन पोहोचले ते फिल्म सोसायट्यांमुळे, अर्थात सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या आणि प्रदर्शनानंतर चर्चा घडवणाऱ्या मंडळांमुळे. त्या चर्चांत अभिनयाची चिकित्सा होत असे. आता तेच चित्रपट मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिले जातात, आवाज बंद ठेवून उपशीर्षके वाचली जातात, आणि अभिनयाविषयीचे लेखन स्थिरचित्रांच्या वर्णनापुरते उरले आहे. आपल्याकडेही रंगभूमीवर मुरलेला नट मालिकेच्या वेळापत्रकात अडकून तालमीला पारखा होत असताना ही हानी किरकोळ मानता येणार नाही.

२००९ मधील पक्षाघाताने अँडरसन यांची वाचा हिरावली आणि १४ एप्रिल २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. दिग्दर्शकांच्या नावाने महोत्सव भरवण्याची सवय झालेल्या चित्रपट मंडळांनी एकदा या अभिनेत्रीच्या नावाने महोत्सव भरवावा, ‘ब्रिंक ऑफ लाइफ’, ‘द मिस्ट्रेस’ आणि ‘पर्सोना’ हे तीन चित्रपट याच क्रमाने, ध्वनियंत्रणा उत्तम असलेल्या सभागृहात दाखवावेत आणि नाट्यशाळांतील विद्यार्थ्यांना त्यासाठी आवर्जून बोलवावे.