उन्हाळ्यांतील चित्रपट आणि घरांतील मंडळी

चैत्र सरत आला कीं आमच्या वऱ्हाडांत दुपारचीं दारें बंद होतात, मुलांच्या परीक्षा आटोपतात, पुण्यामुंबईकडील नातवंडें घरीं येतात, आणि पहिल्याच आठवड्यांत प्रश्न निघतो कीं, "या सुटींत कोणता चित्रपट पाहावयाचा?" विदर्भांतील शाळा उन्हामुळें राज्याच्या इतर भागांपेक्षां उशिरां, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळें आमच्याकडे हा प्रश्न चांगले दोन महिने जिवंत राहतो. लोणचीं, पापड व कुरडया यांच्याप्रमाणेंच चित्रपट हाहि आतां उन्हाळ्याचा एक जिन्नस झाला आहे. फरक इतकाच कीं, लोणच्याची कैरी आपण हातांत घेऊन, दाबून, वास घेऊन निवडतों. चित्रपटाची निवड मात्र ज्या कोणाचा आवाज घरांत मोठा, त्याच्याकडे जाते. या निवडीकडे वडीलधाऱ्यांनीं थोडें लक्ष घालावें, एवढ्याच हेतूनें प्रस्तुत लेख लिहीत आहों.

उन्हाळा व चित्रपट यांचें नातें जुनें आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला तो ३ मे १९१३ रोजीं, म्हणजे ऐन उन्हाळ्यांत. आणि तो बहुतांशीं एका कुटुंबाच्या कष्टांतून उभा राहिला होता. रोहिदासाचें काम फाळक्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं केलें. पत्नी सरस्वतीबाई यांनीं फितीला छिद्रें पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचा भार उचलला. तारामतीच्या कामास बाई मिळेना, म्हणून तें काम अण्णा साळुंके या पुरुषास करावें लागलें. ज्या कलेचा आपल्याकडील जन्म असा घरच्या माणसांच्या हातून झाला, ती कला घरच्या माणसांनीं एकत्र बसून पाहावी यांत अनुचित असें कांहींच नाहीं.

आम्ही चित्रपटांचे जाणकार नव्हे. आमचें आयुष्य शब्दरूपें घोकवून घेण्यांत व रघुवंशाचे सर्ग समजावून देण्यांत गेलें. वर्षाकाठीं दोन-तीन चित्रपट पाहावे, एवढाच आमचा या विषयांतील व्यासंग. शिवाय वाशीम जिल्ह्यांतील आमच्या आसेगांवीं चित्रगृह नाहीं. चित्रपट पाहावयाचा म्हणजे वाशीम नाहींतर अकोला गांठावयाचें, एस. टी.चें भाडें, तिकिटें, मुलांचें खाणें, परतीची घाई. नऊ माणसांच्या घराला ही एक लहानशी यात्राच होते. पूर्वीं महाराष्ट्रांतील जत्रांच्या गांवीं तंबूंतले फिरते चित्रपट येत. त्या फिरत्या चित्रपटवाल्यांच्या उतरत्या दिवसांचें दर्शन 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटांत घडतें. २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. आतां चित्रपट गांवाकडे येईनासा झाला व गांवकऱ्यानें चित्रपटाकडे जावयाचें उरलें. इतका खटाटोप करून जें पाहावयाचें तें पारखूनच पाहिलें पाहिजे.

पारख कशानें करावी? कालिदासानें 'मालविकाग्निमित्रां'त नाट्याचार्य गणदासाच्या मुखानें नाट्याची जी थोरवी सांगितली आहे, तिचा आशय असा कीं, नाना आवडींच्या माणसांचें एकाच वेळीं समाधान करण्याचें सामर्थ्य नाट्यांत आहे. आमच्या मतें एकत्र कुटुंब म्हणजेच नाना आवडींचा मेळा. आजोबांना गाणें हवें, सुनेला आपल्या जिवाभावाचें कांहीं हवें, नातवाला हंसूं हवें, आजीला कोणाचें तरी भलें झालेलें पाहावयाचें असतें. या सर्वांना दोन-अडीच तास एका रांगेंत बसवून ठेवील तो चित्रपट चांगला; आणि घरीं परतल्यावर घरांतल्या घरांत जें बोलणें एरवीं निघत नाहीं तें काढील तो त्याहून चांगला. या कसोटीवर २०२४ व २०२५ या दोन उन्हाळ्यांतील कांहीं मराठी चित्रपटांविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवतों.

२६ एप्रिल २०२४ रोजीं महेश मांजरेकर यांचा 'जुनं फर्निचर' निघाला. लेखन, दिग्दर्शन व मुख्य भूमिका तिन्ही त्यांचींच. मुलगा मोठ्या सरकारी हुद्द्यावर. ऐन अडचणीच्या वेळीं त्याची गांठ पडत नाहीं, आई दगावते, आणि म्हातारा बाप मुलावर न्यायालयांत दावा लावतो. कथेंत न्यायालयांतील भाषणें लांबलीं आहेत व मुलाची बाजू पुरती ऐकूं येत नाहीं, हा दोष आम्हांस जाणवला. प्रेक्षकांतील म्हाताऱ्यांच्या टाळ्या घेण्याकडे लेखकाचा ओढा अधिक आहे. तथापि विषय खरा आहे. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं २००७ सालीं देशांत कायदा झाला. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायाधिकरणप्रमुख, नव्वद दिवसांत निकाल, व दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहरक्कम अशी त्या मूळ कायद्याची योजना. ज्या देशांत असा कायदा करावा लागला, तेथें चित्रपटवाल्यानें ही कथा सांगितली तर त्याच्यावर अतिशयोक्तीचा आरोप करतां येत नाहीं.

आमच्या घरीं या चित्रपटावर त्या रात्रीं कोणी विशेष बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र धाकट्या चिरंजीवांनीं विचारलें, "नाना, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या म्हणजे त्या आणतो कोण?" याचें उत्तर 'ज्याला सवड असेल तो' असें होतें, म्हणजे नेमका कोणीच नव्हे. त्या दिवसापासून तें काम एकाच्या नांवें लागलें. कायदा रुपये देववूं शकेल, परंतु असा प्रश्न तो कोणाच्या तोंडून काढूं शकणार नाहीं. एका तिकिटाच्या किमतींत एवढें झालें, तर तें पुष्कळ झालें असें आम्ही मानतों.

त्याच वर्षीं १ मे रोजीं, महाराष्ट्रदिनीं, दोन चित्रपट एकदम आले. एक परेश मोकाशी यांचा 'नाच गं घुमा'. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटांत ज्यांनीं फाळक्यांचीच कथा सांगितली, तेच हे मोकाशी. नोकरी करणारी गृहिणी व तिच्या घरीं काम करणारी बाई, या दोघींची यांत गांठ आहे. मुक्ता बर्वे व नम्रता संभेराव यांनीं तीं कामें केलीं. विषय थट्टेचा वाटतो, परंतु आजच्या मध्यमवर्गीय घराचा आधार कोणाच्या खांद्यावर आहे, हें तो हंसत हंसत दाखवितो. घरची सून कचेरींत जाते, कारण दुसऱ्या कोणाची तरी सून आपलें घर टाकून तिच्या घरीं आलेली असते. दोन्ही बायका घड्याळाशीं झगडत आहेत. मात्र उशिराबद्दल बोलणीं एकीलाच खावीं लागतात. उत्तरार्ध थोडा ओढून ताणून लांबविला आहे, हें खरें. पण आमच्या घरच्या बायकांनीं परत आल्यावर जो हिशेब केला तो आम्हांस चित्रपटाहूनहि महत्त्वाचा वाटतो. भांडीं-धुणें करणाऱ्या बाईंना महिन्याकाठीं ठरलेली रजा किती, असा प्रश्न सुनेनें काढला, आणि अशी ठरलेली रजा नाहींच, हें उघड झालें. सासू-सुनांनीं मिळून चार दिवस ठरविले. इतक्या वर्षांत हें कां सुचलें नाहीं, याची चर्चा चालू असतांना आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों; पण कान तिकडेच होते.

त्याच दिवशीं निघालेला दुसरा चित्रपट म्हणजे योगेश देशपांडे यांचा 'स्वरगंधर्व सुधीर फडके'. सुनील बर्वे यांनीं बाबूजींची भूमिका केली. १९५५ च्या रामनवमीस, १ एप्रिल रोजीं, पुणें आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालें, ग. दि. माडगूळकरांचीं छप्पन्न गीतें वर्षभर घरोघर ऐकलीं गेलीं. आमच्या वडिलांच्या पिढीनें त्याच्या आठवणी आम्हांस इतक्यांदा सांगितल्या कीं, तें वर्ष आम्हीच जगलों असें वाटावें. ज्या घरांत अशा आठवणी आहेत, तेथें हा चित्रपट निराळा अर्थ धरतो. बाबूजींचे हालांत गेलेले तरुण दिवस, १९५४ सालच्या दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यांतील त्यांचा भाग, आणि सावरकरांवरील चित्रपट पुरा करण्यासाठीं वृद्धपणीं त्यांनीं केलेली खटपट, हें सारें एकाच आयुष्यांत होतें. एका चित्रपटांत तें बसवितांना दिग्दर्शकाची दमछाक होणारच. कांहीं प्रसंग नुसते स्पर्शून पुढें जातात. तरीहि नातवानें विचारलें, "आजोबा, तेव्हां सगळे लोक एकाच वेळीं एकच गाणें ऐकत होते?" या प्रश्नानें पुढची सारी संध्याकाळ भरून काढली.

येथें एक तक्रार नोंदविणें भाग आहे. दोन चांगले मराठी चित्रपट एकाच दिवशीं कां काढावे? एकाच मुहूर्तावर दोन घरचीं लग्नें आलीं म्हणजे पाहुण्यांची जी तारांबळ होते, तीच प्रेक्षकांची होते. आणि आहेर दोहींकडे अर्धाच पोहोंचतो. २०२५ सालींहि तेंच झालें. १ मे रोजीं 'आता थांबायचं नाय' व 'गुलकंद' हे दोन्ही मराठी चित्रपट निघाले, आणि त्याच दिवशीं हिंदींतला 'रेड २' आला. मोठ्या हिंदी चित्रपटापुढें मराठीला वेळा मिळावयाच्या त्या मिळतात सकाळच्या किंवा भर दुपारच्या. अकोल्याच्या मे महिन्यांतील दुपारीं म्हाताऱ्यांना व लेंकरांना घेऊन कोण बाहेर पडेल?

त्या उन्हाळ्यांतला आमच्या मतें सर्वांत चांगला चित्रपट 'आता थांबायचं नाय' हाच. शिवराज वायचळ यांचें हें दिग्दर्शक म्हणून पहिलें काम. भरत जाधव व सिद्धार्थ जाधव त्यांत आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या चतुर्थ श्रेणींतील कामगारांनीं मोठेपणीं रात्रशाळेंत जाऊन दहावीची परीक्षा दिली, या घडलेल्या हकीकतीवर तो आधारलेला आहे. आम्ही मास्तर असल्यामुळें आमचें मत पक्षपाती ठरेल; पण दिवसभर शहराची घाण उपसून रात्रीं बांकावर बसलेला माणूस पाटीवरच्या अक्षराकडे कसा पाहतो, हें ज्यानें वर्गांत पाहिलें आहे, त्याला तें दृश्य खोटें वाटणार नाहीं. आपल्या घरांत नव्वद टक्के गुण मिळविलेल्या मुलाचें तोंड उतरलेलें असतें, कारण शेजारच्याला त्र्याण्णव मिळालेले असतात. त्याच परीक्षेंत पस्तीस गुणांची रेघ ओलांडणें हा कोणासाठीं आयुष्याचा सोहळा असतो. ज्या घरांत विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली, त्या घरांतील मुलांना विद्येची किंमत सर्वांत कमी ठाऊक असते. त्यांना हा चित्रपट आवर्जून दाखवावा. चित्रपटांत कोठें कोठें उपदेश अधिक झाला आहे, परंतु उपदेशाचें वावडें आमच्या व्यवसायाला कधींच नव्हतें.

सचिन गोस्वामी यांचा 'गुलकंद' हा सरळ विनोदाचा मामला. मुलांच्या लग्नाच्या निमित्तानें आईबापांच्या पूर्ववयांतील प्रीतीची राख उकरली जाते, एवढेंच त्याचें सूत्र. सई ताम्हणकर, समीर चौघुले व प्रसाद ओक यांनीं घर हंसविलें. विनोद कांहीं जागीं दूरचित्रवाणीवरील प्रहसनाच्या वळणावर जातो, पण आजीपासून नातवापर्यंत सर्वांना एकदम हंसूं येणें ही आजकाल सुलभ वस्तु नाहीं. २३ मे रोजीं आलेला रोहन मापुस्कर यांचा 'एप्रिल मे ९९' मात्र शांत प्रकृतीचा. कोंकणांतील मुलांची १९९९ सालची सुटी, हातांत यंत्र नसलेली. नातवाला तें परराज्यासारखें वाटलें, व त्याच्या बापाला स्वतःचें बालपण. दोघांत त्या रात्रीं अंगणांत जो संवाद झाला, तो आम्ही मुद्दाम मोडला नाहीं.

दोन आक्षेप येतील. कांहीं वडील मंडळी म्हणतील, चित्रपटांनीं मुलें बिघडतात. आमचें उत्तर असें कीं, मुलें चित्रपट पाहणारच आहेत. प्रश्न आहे तो कोणाच्या शेजारीं बसून पाहतात याचा. तरुण मंडळी म्हणतील, दोन महिने थांबा, तोच चित्रपट भ्रमणध्वनीवर येईल. येईल खरा, परंतु तो एकेकाच्या खोलींत, एकेकाच्या कानांत येईल. गोळ्यांचा प्रश्न, रजेचा हिशेब किंवा अंगणांतील संवाद त्यांतून निघण्याची आशा आम्हांस थोडी वाटते.

व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतों. २०१५ सालीं राज्य शासनानें बहुपडदा चित्रगृहांनीं सोयीच्या वेळेंत मराठी चित्रपट दाखवावा असा आग्रह धरला. परंतु नियम झाला तरी रिकाम्या खुर्च्यांपुढें कोणीहि खेळ चालवीत नाहीं. पहिल्या आठवड्यांत प्रेक्षक आला नाहीं तर दुसऱ्या आठवड्यांत चित्रपट उतरतो, आणि खेड्यांतील माणूस एस. टी.नें तेथें पोहोंचेपर्यंत फलक बदललेला असतो. तेव्हां प्रत्येक घरानें उन्हाळ्यांतून निदान एक मराठी चित्रपट निवडावा, घरांतील चार वयांच्या चार माणसांना विचारून निवडावा, आणि तो पहिल्याच आठवड्यांत सर्वांनीं मिळून पाहावा. खर्चाचा अंदाज महिन्याच्या वाणसामानाबरोबरच मांडावा, म्हणजे ऐन वेळीं कुरकुर होत नाहीं. आणि तिकिटें काढतांना घरीं काम करणाऱ्या बाईंचेंहि एक तिकीट काढावें. त्यांना त्या दिवशीं चित्रपट आवडेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. पण त्यांचें मत आजवर कोणी विचारलेलें नाहीं, आणि परतीच्या वाटेवर तें ऐकावयास आम्ही उत्सुक आहों.