क्यूबाचा पेचप्रसंग आणि पुराव्याचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय राजकारणात अपुऱ्या पुराव्यावर उभारलेला सिद्धांत घातक ठरू शकतो. १९६२ च्या ऑक्टोबरमधील क्यूबाचा पेचप्रसंग हे याचे बोलके उदाहरण होय. अध्यक्ष केनेडी यांच्या खंबीरपणामुळेच सोव्हिएट क्षेपणास्त्रे मागे घेण्यात आली, असा समज रूढ झाला. आणि अण्वस्त्रधारी प्रतिपक्षासही निश्चयाच्या बळावर नमविता येते, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला.

वस्तुतः २७ ऑक्टोबर रोजी रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएट राजदूत दोब्रीनिन यांना तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्त आश्वासन दिले होते. १९६३ च्या एप्रिलमध्ये ती काढण्यातही आली. रॉबर्ट केनेडी यांचा या प्रसंगावरील ग्रंथ १९६९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन करताना या व्यवहाराचा स्पष्ट उल्लेख आपण गाळला, हे सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये मान्य केले.

खंबीरपणा निरर्थक होता, असे यावरून ठरत नाही. मात्र त्याच्या जोडीस तडजोडही होती, हे सिद्ध होते. यास्तव समकालीन निवेदनांवर आधारलेला सिद्धांत तात्पुरता मानणेच इष्ट. अन्यथा त्यावर विसंबणारे शासन पुढील संकटात तडजोडीची वाटच बंद करील.