शेणखत आणि मुरघासाची प्रत

उन्हाळ्यात हिरवी वैरण दुर्मिळ होते आणि दुभत्या जनावरांचे दूध आटू लागते. हे टाळण्यासाठी मका, ज्वारी किंवा संकरित नेपिअर गवत हिरवे असतानाच कापून, त्याची कुट्टी करून हवाबंद खड्ड्यात मुरविण्याची पद्धत राज्यातील दुग्धव्यावसायिकांच्या परिचयाची झाली आहे. तथापि खड्डा नीट दाबून, झाकूनही काही वेळा आतील चाऱ्याला उग्र दुर्गंधी येते आणि जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत. अशा वेळी खड्ड्याला दोष दिला जातो. परंतु त्याचे मूळ कित्येकदा पिकाला घातलेल्या शेणात असते.

चारा मुरण्याची क्रिया प्रथम समजून घेतली पाहिजे. हवा नाहीशी झाली की उपयुक्त जिवाणू चाऱ्यातील साखरेपासून दुग्धाम्ल तयार करतात. आम्लता वाढून मक्याच्या मुरघासाचा सामू ४ च्या आसपास आला, म्हणजे कुजविणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते व चारा अनेक महिने टिकतो.

या क्रियेत शेणामुळे दोन प्रकारे अडथळा येऊ शकतो. शेणात क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. ओल जास्त आणि आम्लता कमी असेल, तर ते जागे होऊन दुग्धाम्लाचे ब्युटिरिक आम्लात रूपांतर करतात व प्रथिनांचा नाश करून अमोनिया निर्माण करतात. दुर्गंधी येते ती यामुळेच. हे चिवट बीजाणू जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि शेणावाटे पुन्हा शेतात जातात. असे हे चक्र चालू राहते. अस्वच्छ कासेवाटे ते दुधातही उतरतात आणि दूध पाश्चरीकृत केले तरी मरत नाहीत.

दुसरा अडथळा नत्राचा. शेणकाला व युरिया यांची एकत्रित मात्रा प्रमाणाबाहेर गेली, की पिकात प्रथिने वाढतात, परंतु साखर घटते व आम्लता वाढण्यास विलंब लागतो. पाण्याचा ताण पडलेल्या पिकात नायट्रेट साठते, ते जनावरांना विषारी ठरते. अशा चाऱ्याच्या खड्ड्यातून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिवळसर तांबूस विषारी वायू निघण्याचा संभव असतो. त्या काळात खड्ड्यात उतरू नये व मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

याचा अर्थ शेणखत वर्ज्य करावे असा नाही. जमिनीचा कस टिकविण्यास त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. प्रश्न केवळ वेळेचा व पद्धतीचा आहे. मक्यासाठी चांगले कुजलेले खत पेरणीपूर्वीच मातीत मिसळावे. कुजण्याने सर्व बीजाणू मरत नाहीत. म्हणून ते मातीत गाडले जाणे अगत्याचे आहे. नेपिअरसारख्या वारंवार कापल्या जाणाऱ्या गवताला शेणकाला द्यावयाचा असल्यास कापणी होताच, नवे फुटवे येण्यापूर्वी, दोन ओळींमधील सरीत सोडावा; वाढलेल्या पानांवर कधीही ओतू नये. शेणकाल्यातून मिळणारे नत्र हिशेबात धरून युरिया कमी करावा.

कापणी जमिनीपासून सुमारे १० सेंटिमीटर वर करावी, म्हणजे माती व शेण कुट्टीत येत नाही. मका दाणे चिकाच्या अवस्थेतून पिठाळ होऊ लागताच, चाऱ्यात ३० ते ३५ टक्के शुष्क पदार्थ असताना कापावा. नेपिअर अधिक पाणीदार व साखरेने उणे असल्याने थोडे सुकवून, त्यावर गुळाचे पाणी शिंपडून भरणे हितावह ठरते.

उत्तम मुरघास पिवळसर हिरवा असतो आणि त्याला आंबूस-गोड वास येतो. तसा तो खड्ड्यातून निघावा यासाठी पहिली काळजी घ्यावयाची ती शेणखताची गाडी शेतात रिकामी करताना.