एक यंत्र, दोन सर्व्हर आणि पोर्टचा तंटा

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या महाविद्यालयाचं ग्रंथालय घ्या. सर्व्हर म्हणून एकच संगणक. पुस्तकांच्या देवघेवीसाठी त्यावर ‘कोहा’ चालतं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी लिहिलेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली ही मुक्त प्रणाली आज महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत रुळली आहे. पुढे प्रबंध, जुन्या प्रश्नपत्रिका, वार्षिकांक एका जागी जपायचे म्हणून ‘डीस्पेस’ बसवायचं ठरतं. एमआयटी आणि एचपी यांनी मिळून घडवलेलं डीस्पेस २००२ मध्ये सर्वांना खुलं झालं. ते बहुधा ‘टॉमकॅट’ या वेब सर्व्हरवर चालवतात आणि टॉमकॅट मुळात ८०८० हा पोर्ट मागतो. कोहाचा कर्मचाऱ्यांसाठीचा भाग बऱ्याच ठिकाणी आधीपासून ८०८० वरच असतो. टॉमकॅट सुरू होता होता अडतो आणि लॉगमध्ये ओळ उमटते : ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’.

अशा वेळी कुणी आधीचं सॉफ्टवेअर काढून टाकतं, कुणी नव्या संगणकाचं मागणीपत्र तयार करतं. खरं तर दोन्हींची गरज नसते. जुनं यंत्र दोन्ही कामं सुखाने करू शकतं.

तंटा होतो कशामुळे?

आयपी पत्ता माहितीला यंत्रापर्यंत आणतो. ती यंत्रातल्या कोणत्या प्रोग्रॅमला द्यायची, हे पोर्टचा क्रमांक सांगतो. हा क्रमांक १६ बिटांचा, म्हणून ० ते ६५५३५ एवढीच त्याची धाव. एका पत्त्यावरचा एक पोर्ट साधारणपणे एकाच प्रोग्रॅमला मिळतो. जो आधी मागेल त्याचा. नंतर आलेल्याला ऑपरेटिंग सिस्टिम नकार देते. हा नकार योग्यच आहे, नाहीतर आलेली विनंती कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा राहिला नसता.

या क्रमांकांची नोंदवही जॉन पोस्टेल यांनी अनेक वर्षं सांभाळली. वेबला ८० मिळाला, सुरक्षित वेबला ४४३. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, तेव्हा एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला २२ मोकळा होता. त्यांनी ईमेलने तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळालाही. युनिक्सच्या परंपरेत १०२४ च्या खालचे पोर्ट घ्यायला प्रशासकाचे अधिकार लागतात. साध्या वापरकर्त्याला ८० मिळेना, तेव्हा लक्षात राहायला सोपा म्हणून ८०८० रूढ झाला. टॉमकॅटने तोच घेतला, जेन्किन्सनेही. त्यामुळे सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होते.

पोर्ट कुणी धरलाय?

काही बदलण्याआधी हे शोधा. लिनक्सवर ‘सुडो एसएस -एलटीएनपी’ ही आज्ञा द्या. ऐकत बसलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची एक ओळ येते : पत्ता, पोर्ट, प्रोग्रॅमचं नाव आणि पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. सुडो विसरलात तर इतरांच्या प्रोसेसची नावं दिसत नाहीत. पत्त्याकडे नीट पाहा. ०.०.०.० असेल तर तो प्रोग्रॅम यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय, १२७.०.०.१ असेल तर फक्त त्या यंत्राच्या आतलं.

विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा. शेवटच्या रकान्यात पीआयडी मिळतो आणि टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव. पोर्ट ८० समोर पीआयडी ४ दिसला, तर तो खुद्द विंडोजचा एचटीटीपी विभाग असतो. त्याच्या आडून आयआयएस किंवा एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सेवा काम करत असते. तिथे ‘एंड टास्क’ दाबून भागत नाही, ती सेवाच थांबवावी लागते. मॅकवर २०२१ च्या मॉंटेरे आवृत्तीपासून एअरप्ले रिसीव्हर ५००० धरतो आणि मुळात तोच पोर्ट मागणारं फ्लास्क शिकणारे विद्यार्थी बुचकळ्यात पडतात.

निवाडा

पोर्ट धरणारा प्रोग्रॅम नकोच असेल, तर तो बंद करा आणि यंत्र सुरू होताना आपोआप उठणार नाही अशी तजवीजही करा. नाहीतर वीज जाऊन आली की तंटा पुन्हा उभा.

दोन्ही हवे असतील, तर एकाचा क्रमांक बदला. टॉमकॅटच्या ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ फाइलमध्ये कनेक्टरच्या ओळीत ८०८० आहे, तिथे ८०८१ करा. दोन टॉमकॅट असतील तर बंद करण्यासाठीचा ८००५ हा पोर्टही दोघांचा सारखाच असतो; तोही वेगळा करायला विसरू नका. एवढ्यावर काम सुरू होतं. पण विद्यार्थ्याला पत्त्यापुढे ‘:८०८१’ टाइप करावं लागतं, आणि असे क्रमांक लोकांच्या लक्षात राहत नाहीत.

म्हणून पक्का उपाय रिव्हर्स प्रॉक्सीचा. जुन्या वाड्याच्या देवडीवरचा माणूस ‘कुणाकडे जायचंय?’ विचारून पाहुण्याला आत सोडतो, तसंच हे काम. कोहासाठी अपाचे हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर यंत्रावर असतंच. ८० आणि ४४३ त्याच्याकडेच ठेवा. १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून प्रत्येक विनंतीसोबत ‘होस्ट’, म्हणजे मागितलेल्या साइटचं नाव, येणं सक्तीचं आहे. त्यामुळे एकाच पोर्टवर अपाचे नाव पाहून ग्रंथालयाची विनंती कोहाकडे आणि संग्रहाची विनंती ८०८१ कडे पाठवू शकतं. डीस्पेसच्या नव्या आवृत्त्यांत वाचकाला दिसणारा भाग वेगळा, ४००० वर चालतो; त्याचीही वाट इथूनच काढा. अर्थात दोन्ही नावं डीएनएसमध्ये याच यंत्राकडे वळवलेली हवीत.

तीन गोष्टी मात्र चुकवू नका. टॉमकॅटला १२७.०.०.१ वर बांधा, म्हणजे बाहेरून कुणी थेट त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. डीस्पेसच्या कॉन्फिगरेशनमध्ये बाहेरचा खरा पत्ता लिहा, नाहीतर आतल्या दुव्यांमध्ये ८०८१ डोकावत राहतो. आणि अपाचे रीलोड करण्याआधी ‘कॉन्फिगटेस्ट’ चालवा. एका कंसाच्या चुकीने दोन्ही सेवा बंद पडलेल्या परवडणार नाहीत.

शेवटी एक कागद करा : पोर्ट, प्रोग्रॅम, कॉन्फिगरेशनची फाइल, बदलाची तारीख. लहान संस्थांत सर्व्हर पाहणारी माणसं बदलतात आणि त्यांच्याबरोबर ही माहितीही जाते. कोणता पोर्ट कुणाकडे, हे लिहून ठेवलेलं असेल तर नव्या माणसाला नवं सॉफ्टवेअर बसवताना अंदाजाने काही बंद करावं लागणार नाही, आणि मोजक्या निधीवर चालणाऱ्या संस्थेला विनाकारण दुसरं यंत्र घ्यावं लागणार नाही.