पेरणी, वेचणी आणि पदवी

नोकरी किंवा शेती सांभाळून पुढे शिकायचे ठरवणारे बरेच जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. आधी प्रवेश घेतात आणि मग त्या पदवीवर काय मिळेल ते शोधत बसतात. आपण आधी जाहिरात वाचू.

जी नोकरी किंवा बढती हवी आहे, तिची गेल्या भरतीची जाहिरात काढा आणि ‘शैक्षणिक अर्हता’ हा मजकूर शब्दशः वाचा. तलाठी भरतीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तिथे आपल्याला झेपेल तो विषय घ्यावा, उगाच अवघड विषयाच्या मागे लागू नये. शाळेच्या ग्रंथालयात जायचे असेल तर मात्र ग्रंथालयशास्त्राचेच शिक्षण लागेल.

बारावी राहिली असेल तर आधी ती पूर्ण करा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, करता येते. बारावी न करता थेट पदवीला जाण्याची वाट कोणी दाखवली तरी घेऊ नका. अशी पदवी पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत अडते, आणि तोवर तीन वर्षे गेलेली असतात.

आता विद्यापीठ. आपल्याकडे मुख्यतः दोन नावे घेतली जातात. पहिले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ते १९८९ साली स्थापन झाले, त्याचे बरेच अभ्यासक्रम मराठीत आहेत आणि आपला यवतमाळ जिल्हा त्याच्या अमरावती विभागीय केंद्राखाली येतो. दुसरे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू. ते १९८५चे, आणि विदर्भासाठी त्याचे प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. विद्यापीठ मोठे आहे एवढ्यावर थांबू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तोच अभ्यासक्रम, त्याच वर्षासाठी मान्य आहे का ते बघा. मान्यता असेल तर ही पदवी नियमित महाविद्यालयाच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

काही गोष्टी दूरशिक्षणाने होतच नाहीत. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या त्यात येतात. ‘घरबसल्या बी.एड.’ असा फलक दिसला तर सावध व्हा: दूरशिक्षणाचे बी.एड. हे आधीच प्रशिक्षण घेऊन प्राथमिक शाळेत शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी असते. आणि शुल्क विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच भरावे. मधल्या माणसाने रोख मागितले, ‘परीक्षेचे आम्ही बघतो’ म्हणाला, की तिथून उठावे.

अर्ज भरण्याआधी ओळखक्रमांक काढावे लागतात. एक शैक्षणिक क्रेडिट बँकेचा, ज्यात आपले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमा होतात. दुसरा दूरशिक्षण विभागाचा, ज्याला ‘डेब आयडी’ म्हणतात. इथे गाडी अडते ती नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, असे आपल्या बहुतेक लग्न झालेल्या बायांचे असते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात ही कामे होत नाहीत.

अभ्यासकेंद्र निवडताना आपला अभ्यासक्रम त्या केंद्रावर आहे का हे जाऊन विचारा. सगळ्या केंद्रांवर सगळे नसते. संपर्कसत्रे, म्हणजे शिक्षक समोर असतात ते मोजके तास, कोणत्या वारी होतात आणि परीक्षा कुठे असते तेही विचारा. झरी-जामणीच्या माणसाला केंद्र वणीत आणि परीक्षा यवतमाळला, असे निघाले तर सकाळच्या पेपरला आदल्या दिवशीच निघावे लागेल.

मग येतो वेळेचा हिशेब, आणि माझ्या मते बहुतेकांचे शिक्षण इथेच सुटते. दूरशिक्षणात एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. सत्राला २० श्रेयांक असले तर ६०० तास झाले. सहा महिन्यांत बसवायचे म्हटले तर रोज सव्वातीन तासांहून जास्त. घरात कापूस आहे त्याला हे रोज जमणार नाही, आणि न जमल्याचे वाईटही वाटून घेऊ नये.

त्यापेक्षा वर्षाकडे शेताच्या बाजूने बघा. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरच्या सुमारास असतात, म्हणजे एक ऐन पेरणीत आणि दुसरी वेचणीत. वेळापत्रक आखणाऱ्याने काही दारव्हा-घाटंजीचा विचार केलेला नसतो. फेब्रुवारी ते मे हा आपला मोकळा काळ. जूनच्या पेपरांचा अभ्यास तिथेच संपवायचा. डिसेंबरचे पेपर पोळ्याच्या आसपास सुरू करायचे आणि झेपतील तेवढेच द्यायचे. तीन वर्षांची पदवी इग्नूत सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, त्यामुळे राहिलेला पेपर पुढच्या परीक्षेला देता येतो.

स्वाध्याय, म्हणजे घरी लिहून द्यायची उत्तरे, लोक हलके समजतात. इग्नूत बहुतेक विषयांत निकालाचा ३० टक्के भार त्यांवर असतो. ते मुदतीत दिले नाहीत, तर पेपर चांगला जाऊनही निकाल अपूर्ण दाखवतो. दुकानात मिळणारी तयार उत्तरे उतरवू नका. प्रश्न स्वतः सोडवले की अर्धा अभ्यास झालेला असतो. जमा करताना पोच घ्या आणि पहिल्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

परीक्षेचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा असतो. पुढच्या वर्षाची नोंदणीही आपोआप होत नाही. घरी शिकणाऱ्याला आठवण करून द्यायला वर्गशिक्षक नसतात, म्हणून या तारखा दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहाव्यात.

निकाल आला तरी एक तारीख उरते. भरतीच्या जाहिरातीत दिलेल्या दिवसापर्यंत पदवी हातात असावी लागते. परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे, हे सहसा चालत नाही. आणि आपण आधीच सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल तर प्रवेशापूर्वीच कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पदवी मिळाल्यावर गुणपत्रिकेची प्रत देऊन सेवापुस्तकात नोंद करून घ्या, आणि नोंद झालेल्या पानाची झेरॉक्स मागून घ्या.