दातातली एक चूक

‘आपलेच दात आणि आपलेच ओठ’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ऐकली की मला मनातल्या मनात हसू येते. ओठ ज्याचे त्याचे खरे. पण दात मात्र पुष्कळदा मी केलेले असतात! माझा व्यवसाय डेंटल टेक्निशियनचा. डॉक्टर दात कोरून माप घेतात आणि ते माप माझ्या टेबलावर येते. त्यावर बसणारी ‘कॅप’ मी करतो. बहुधा तुम्ही मला पाहिलेले नसते आणि मी तुम्हाला.

कॅपचा आकार जमला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे रंगाचे आणि झिलईचे. आमच्या भाषेत स्टेन आणि ग्लेझ. दाढेची कॅप असेल तर रंगात उन्नीस-बीस खपून जाते. दाढ कोण पाहतो? पण पुढचा एकच पटाशीचा दात करायचा म्हणजे मोठी परीक्षा. शेजारी त्याचा जुळा भाऊ उभा, आणि समोरचा प्रत्येक माणूस नकळत दोघांची तुलना करणार!

या परीक्षेत मी एकदा सपशेल नापास झालो आणि मला नापास केले तेही एका निवृत्त शिक्षिकेने. त्याची ही हकिकत.

मी तेव्हा पुण्यात नुकताच नोकरीला लागलो होतो. बाई जिन्यावरून घसरल्या आणि वरचा पुढचा दात मोडला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रंग लिहिला होता, ‘ए २’. हा काय प्रकार, तो सांगतो. ‘व्हिटा’ या जर्मन कंपनीने १९५६ साली दातांच्या रंगांची एक पट्टी काढली. तिच्यात सोळा नमुन्याचे दात असतात. ‘ए’ म्हणजे तांबूस-तपकिरी घराणे, ‘बी’ तांबूस-पिवळे, ‘सी’ करडे आणि ‘डी’ तांबूस-करडे. आकडा वाढला की छटा गडद. आजही ही पट्टी जगभर वापरात आहे.

मी पट्टीतला ‘ए २’ समोर ठेवला आणि ट्यूबलाइटच्या उजेडात त्याबरहुकूम कॅप केली. आतून धातू, वरून पोर्सिलेन. हिरडीपासून टोकापर्यंत एकच रंग, वर आरशासारखी झिलई. मालक ‘छान’ म्हणाले. मी खूश! डॉक्टरांनी ती कच्च्या सिमेंटने बसवून बाईंना आठ दिवस वापरून पाहायला सांगितले.

आठव्या दिवशी बाईंच्या मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावले. मुलगी म्हणाली, “काही दुखत नाही हो. पण आई हसायचीच थांबलीय. बोलताना तोंडावर पदर धरते. नातू विचारतो, आजी, तू खोटा दात का लावलास?”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

डॉक्टरांनी बाईंना खिडकीशी बसवले. दिवसाच्या उजेडात मी प्रथमच त्यांचे तोंड पाहिले. माझी कॅप तुटलेली नव्हती, हलत नव्हती. पण जुन्या वाड्याच्या भिंतीत बसवलेल्या नव्या टाइलसारखी ती डोळ्यांत खुपत होती. शेजारच्या खऱ्या दाताकडे पाहिले, तर तो एका रंगाचा मुळीच नव्हता. हिरडीजवळ तो पिवळसर-नारिंगी होता, मध्ये फिकट, टोकाला किंचित निळसर-करडा. मधोमध एक केसासारखी उभी तपकिरी रेघ. कोपऱ्यात खडूच्या कणाएवढा पांढरा ठिपका.

असे का असते? दाताच्या वरचे एनॅमल अर्धपारदर्शक असते आणि आतले डेंटिन पिवळसर. हिरडीजवळ एनॅमल पातळ, म्हणून तिथे आतला पिवळा रंग डोकावतो. टोकाशी आत डेंटिन जवळजवळ नसते, म्हणून तिथे निळसर झाक येते. वय वाढते तसे एनॅमल झिजते, डेंटिन वाढते आणि दात गडद होतो. चहा-कॉफी आपला हात फिरवते ती वेगळीच.

बाईंनी मला जवळ बोलावले. मला वाटले, आता कान धरणार! पण त्या म्हणाल्या, “अरे, मी जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुका काढल्या. आता तू माझ्या दातात एक चूक घाल, बाबा!”

कॅप काढून मी लॅबमध्ये परतलो. ती स्वच्छ केली, पूर्ण कोरडी केली, चकाकी हलकेच घासून काढली आणि कुंचला हातात घेतला.

आमचे रंग म्हणजे धातूंची ऑक्साइडे आणि काचेची बारीक पूड. तपकिरीसाठी लोह, निळ्यासाठी कोबाल्ट. कुंभाराच्या आणि मीनाकाम करणाऱ्याच्या रंगांचेच हे भाऊबंद. पोर्सिलेनच्या दाताची कल्पनाही जुनी आहे. १७७४ च्या सुमारास पॅरिसच्या दुशातो नावाच्या औषधविक्याने स्वतःसाठी पोर्सिलेनची कवळी करवून घेतली. दातावर बसणारी पोर्सिलेनची टोपी रूढ केली ती डेट्रॉइटचे डॉ. चार्ल्स लँड यांनी, १९०३ च्या सुमारास. १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग हा त्यांचा नातू!

मी हिरडीच्या कडेला नारिंगी-तपकिरी हात दिला, टोकाला निळसर-करडा. मग सर्वांत बारीक कुंचल्याने ती उभी रेघ ओढली. पहिली जाड झाली, पुसली. दुसरी सरळसोट झाली, तीही पुसली. खरी चीर कधी फूटपट्टीने आखलेली नसते. भट्टीत जाण्यापूर्वी पुसता येते, हे आमचे भाग्य. एकदा भाजले की खरवडूनच काढावे लागते. शेवटी पांढरा ठिपका आणि वर ग्लेझचा अगदी पातळ थर. ग्लेझ जाड झाले की दात काचेच्या मण्यासारखा दिसतो. मालाच्या जातीप्रमाणे ही भट्टी साधारण ७५० ते ९५० अंश सेल्सियसपर्यंत तापते. ग्लेझ वितळून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. हा निव्वळ शृंगार नव्हे. पोर्सिलेन खरबरीत राहिले तर समोरचा खरा दात झिजतो आणि कीटणही लवकर धरते.

दुसऱ्या दिवशी कॅप बसली. बाईंनी आरसा घेतला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “कुठला रे तुझा?” मग पदर बाजूला सारून त्या मोठ्याने हसल्या. मी पास झालो!

माझे नशीब एवढेच, की चूक पांढरेपणाकडे झाली होती. पांढऱ्यावर पिवळा हात देता येतो. पण गडद दातावर पांढरा रंग फासला तर तो खडूसारखा निर्जीव दिसतो. तिथे नवीन कॅप करण्यावाचून गत्यंतर नसते. आज यंत्राने कोरलेल्या झिरकोनियाच्या कॅप आल्या आहेत. तरी पुढच्या दाताला शेवटचा हात बहुधा कुंचल्याचाच असतो.

म्हणून वाचकहो, पुढच्या दाताला कॅप बसवायची वेळ आलीच, तर थोडे लक्षात ठेवा. रंग दिवसाच्या उजेडात आणि अगदी सुरुवातीलाच पाहायला सांगा. तोंड फार वेळ उघडे राहिले की दात सुकून पांढरे दिसू लागतात. साडी-ब्लाउजचे रंग दुकानात जुळतात आणि घरी फटकून वागतात, तसेच दातांचे असते. लिपस्टिक लावून जाऊ नका. तोंडभर हसतानाचा जुना फोटो असेल तर तो न्या. आणि पक्के सिमेंट लागण्यापूर्वी मनातले बोला; संकोच नंतर महाग पडतो.

बाईंकडून पुढे दर दिवाळीला माझ्यासाठी चकल्यांचा डबा येई. डब्यात चिठ्ठी असे: “मी चावून पाहिल्या आहेत. दात शाबूत आहे.”